तात्पुरता

"इंजन थंड होऊ द्या मॅडम,
तापल्या हेडला पाना लावू नाई,"
म्हणाला ताजोद्दीन मिस्त्री,
आणि पाथरी रोडच्या पत्र्याखाली
मी उलट्या डब्यावर बसून राहिले तासभर,
मांडीवर उत्तरपत्रिका.

मार्चचं ऊन. समोर करडई वाळून काटा झालेली.
सत्त्याऐंशीची पद्मिनी, रंग कधीकाळी मोतिया.
सातोणकर डॉक्टरांच्या गोठ्यातून घेतली
(गुरांचे डॉक्टर ते),
अकरा महिन्यांचं थकलेलं मानधन
एकदम आलं त्या आठवड्यात.
आता चढाला उचकी लागते तिला.
परवा देवगावफाट्याच्या पुलावर
उसाची बैलगाडी मला ओलांडून गेली.
गाडीवान वळून हसला. चांगलं हसला.

मिस्त्रीनं आधी सायकलच्या पंपानं
चारही खड्डे फुंकून घेतले.
"माती आत पडली की दळण सुरू."
वायरींवर आकडे घातले,
माझ्याच पिशवीतल्या खडूनं.
मग लांब नळीचा पाना, आणि खोलातून एक करकर.

पहिला प्लग उन्हाकडं धरला.
खारकेचा रंग. "हा नेक आहे."
दुसरा कोरडा, काजळीनं काळा.
"पेट्रोल जास्ती मिळायलंय याला."
चौथा तेलकट, ओला.
"रिंगा झिजल्या. म्हातारपण आहे, रोग नाई."
मी भूगोल शिकवते, मला नुसती माती दिसत होती,
दुधनेकाठची काळी, जिंतूरकडची मुरमाड.
तिसऱ्याला मात्र तो हातच लावेना.

लावला शेवटी.
निघाला तो बुटका,
बाकीच्यांच्या निम्म्यानं आटे,
जीपचा की कशाचा, कंपनीच वेगळी.
"हा कुणी घातला?"
मिस्त्री शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत राहिला.

"मीच.
मानवतच्या अलीकडं, रात्रीचे दोन.
डॉक्टरसाब अडलेल्या म्हशीकडं निघालेले.
माझ्या खिशात हाच होता.
म्हटलं तात्पुरता घालू, सकाळी बदलू.
मग गाडी परभणीला दाखवायले ते.
आमच्या रुखसारचं लग्न व्हायचं होतं तवा.
आता तिची पोरगी पाचवीला."

तात्पुरता.
दर जूनला माझ्या पत्रावर टाइप होतो हा शब्द,
तासिका तत्त्वावर, तात्पुरत्या स्वरूपात.
यंदाचं अकरावं.
मी काही बोलले नाही. प्लग हातात घेतला.
टोक झिजून गोल झालेलं.
म्हणजे ठिणगी टाकत होता हा, दर पाळीला,
जागेपासून अर्धा बोट वर राहून.

"म्हशीचं काय झालं?" मी विचारलं.
"वगार झाली," तो म्हणाला,
इतक्या पटकन,
जणू कुणीतरी विचारायचंच राहिलं होतं.

नवे चार आले. गॅप मोजायला
त्याच्याकडं करवतीचं तुटकं पातं.
"तुम्ही बघा, माझी नजर गेली.
पातं शिरलं पाहिजे,
पण शिरताना धरलं पाहिजे."
मी तीनदा बघितलं. चौथ्यांदाही.
"आता बोटानंच फिरवा.
आटा बसतोय का वाकडा चाललाय, ते बोटाला कळतं.
पाना सगळ्यात शेवटी, पाव फेरा.
जोर करायचा नाई, हेड मऊ असतं."

किल्ली फिरवली. एक खोकला,
मग पत्रा थरथरला, डब्यातले नट वाजले.
मिस्त्री बॉनेटवर तळहात ठेवून
पुटपुटत होता, एक, तीन, चार, दोन.
"रांगेनं पेटत नाईत हे," म्हणाला,
"पण पाळी चुकवत नाईत."

पैसे त्यानं तीनच प्लगचे घेतले.
"तिसऱ्याचे नको.
तो माझ्याकडून राहिला होता."

बुटका मी पिशवीत टाकला.
पंख्याखाली उत्तरपत्रिका उडतात.

परतताना देवगावफाट्याचा पूल
तिसऱ्या गिअरात चढले, एका दमात,
आणि पार वर जाऊन थांबले.
रस्ता मोकळा. मागंपुढं
एक बैलगाडी असेल तर शपथ.